मदत हवी आहे: बीम लिफ्टच्या भिंतीला मिळतो तिथे मोमेंट (वाकवणारा जोर) जातो कुठे?

नमस्कार मंडळी. फोंड्याला एका छोट्या ऑफिसात डिझाइनचं काम करतो. आमचे सर चवथीला गावी गेलेत, तिथे रेंज नाही, म्हणून इथे विचारतोय.

पर्वरीच्या उतारावर स्टिल्ट अधिक पाच मजले. लिफ्टच्या 200 मिमी आरसीसी भिंती ईटॅब्समध्ये (इमारतीच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर) शेल म्हणून, म्हणजे पातळ पत्र्यासारखे घटक म्हणून घेतल्यात. एका भिंतीच्या रेषेतच 230 बाय 600 चा बीम येऊन मिळतो, दुसरं टोक कॉलमवर. गाळा 5.4 मीटर, भार मीटरला 28 किलोन्यूटन (वर चिऱ्याची भिंत आहे). हाताने डब्ल्यूएल वर्ग भागिले 12 केलं तर 68 किलोन्यूटन-मीटर येतात, आणि भिंत कॉलमपेक्षा कितीतरी ताठ, म्हणजे तिच्याकडे थोडे जास्तच यायला हवेत. मॉडेल दाखवतंय 19! मेश (भिंतीचे मॉडेलमध्ये केलेले चौकोनी तुकडे) 1 मीटरवरून पाव मीटर केली तर 11. बारीक मेश म्हणजे अचूक उत्तर असं शिकलो होतो, इथे उलटंच चाललंय. रिलीज (टोक मोकळं फिरू देणं) कुठे दिलेला नाही, दोनदा तपासलं. जोडाचा भाग पूर्ण ताठ धरायला रिजिड झोन फॅक्टर 1 केला, ढिम्म फरक नाही.

शिवाय दुसरा एक बीम त्याच भिंतीला काटकोनात मिळतो. तोही घट्ट धरायचा का?

मांडवीकाठ: मॉडेल बिघडलेलं नाही. तुमचा बीम भिंतीला एकाच नोडवर (मेशच्या एका बिंदूवर) टेकलाय. शेल आपल्या प्रतलातलं ओढणं-दाबणं नीट घेतो, पण त्याच प्रतलात एखादा नोड स्क्रूसारखा पिळला तर त्याला फारसा विरोध करत नाही. त्यालाच ड्रिलिंग म्हणतात. मेश जितकी बारीक, तितका तो नोड जास्त सहज फिरतो, म्हणून 19 चे 11.

बीम भिंतीच्या आत मीटरभर वाढवा आणि वाटेतल्या प्रत्येक मेश नोडला जोडा. मग मोमेंट उभ्या बलांच्या जोडीतून भिंतीत उतरतो, आणि ते काम शेलला उत्तम जमतं. आतल्या तुकड्याचं वजन आणि मास शून्य करा, नाहीतर काँक्रीट दोनदा मोजलं जाईल. बीमला 0.35 चा मॉडिफायर (तडे धरून ताठपणा कमी करणारा गुणक) दिला असेल तर या तुकड्याला तो लावू नका. त्याचं मॉडेलने दिलेलं स्टील वाचू नका, मोमेंट भिंतीच्या तोंडाशी घ्या. मग पुन्हा मेश बदलून बघा; आकडा हलला नाही तर जमलं.

काटकोनातला बीम मात्र सोडा, मोमेंट रिलीज द्या. 16 चा बार, एम 30 काँक्रीट, एफई 500 स्टील धरलं तर काँक्रीटच्या आयएस 456 कोडप्रमाणे डेव्हलपमेंट लेंथ (बार घट्ट धरायला काँक्रीटमध्ये लागणारी लांबी) 725 मिमी येते. भिंत 200 ची! बारचं टोक हुकासारखं वाकवलं तरी पुरत नाही. घट्टच हवा असेल तर तिथे भिंतीला कॉलमची जाडी द्या, आर्किटेक्ट ओरडेल ते वेगळं. आणि रिलीजनंतर ड्रिफ्ट (मजल्यांचं आडवं सरकणं) पुन्हा बघा, भूकंपाच्या आयएस 1893 कोडच्या 2016 च्या आवृत्तीत गोवा झोन 3 मध्ये आहे.

धागाकर्ता: देव बरें करूं! बीम मीटरभर आत नेला: मोमेंट 74. पाव मीटरच्या मेशला 73. एवढ्यासाठी दोन रात्री घालवल्या.

काटकोनातल्याला रिलीज दिला. मधला मोमेंट वाढला, खाली एक बार जास्त टाकला. पण वरचं स्टील किती ठेवू? भिंतीजवळ तडा जाईलच ना?

मांडवीकाठ: बारीक तडा जाईल. भूकंपासाठीच्या स्टीलच्या आयएस 13920 कोडप्रमाणे वर किमान दोन 12 चे बार सलग लागतातच, ते भिंतीत खाली वळवा. स्लॅबची जाळीही वरून जाऊ द्या.

धागाकर्ता: भिंतीच्या दोन जाळ्यांमध्ये बारचं ते वळवलेलं टोक बसतं का, ते आता 1:10 मापात काढून बघतोय. अडकलं तर परत येतो.