मदत हवी आहे: करंजाच्या बायोडिझेलवर नाव मधोमध बंद पडते (अर्जंट)

कृष्णाकाठचा: शनिवारी पलीकडच्या मळ्यात माणसं न्यायची आहेत. करंजाच्या बियांच्या तेलापासून केलेलं बायोडिझेल घातलं की इंजिन दहा मिनिटं झक्क चालतं आणि नदीच्या मधोमध बंद. अर्थरेस नावाची बोट २००८ मध्ये बायोडिझेलवर ६१ दिवसांच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. मला फक्त कृष्णा ओलांडायची आहे! काय चुकतंय?

पंपवाला_चिकोडी: इंजिन कुठलं? तेल विकतचं की घरचं? आणि टाकी?

कृष्णाकाठचा: इंजिन पाण्याच्या पंपाचंच, एक सिलिंडर, वडिलांच्या वेळचं. टाकीपण तीच. याचा काय संबंध?

बेळगावकर७७: आपल्या भागात एवढे साखर कारखाने, इथेनॉल घाला की ओ! करंज कशाला?

पंपवाला_चिकोडी: काय सांगालाय ओ, डिझेल इंजिनाला ठिणगी असते का? शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, नावेत तर आधीच पाणी. कृष्णाकाठचा, नुसतं तेल गाळून ओतलंय का?

कृष्णाकाठचा: मी काय खुळा आहे? भाच्यानं मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून केलंय. खाली बसलेलं ग्लिसरीन काढून टाकलं.

निपाणीची_वहिनी: आणि मग पाण्यानं धुतलं का?

कृष्णाकाठचा: इंधन कोण धुतं?

निपाणीची_वहिनी: तिथंच घोळ. करंजाच्या (आमच्या शेजारी होंगे म्हणतात) तेलात आम्ल जास्त असतं, सोडा पडला की साबण तयार होतो. बाटलीत अर्धं इंधन, अर्धं पाणी घालून जोरात हलवा. अर्ध्या तासात दोन थर स्वच्छ वेगळे झाले तर ठीक. दुधासारखं राहिलं तर साबण आहे.

पंपवाला_चिकोडी: वहिनींचं बरोबर, पण माझ्या मते आधी फिल्टर. बायोडिझेल जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवतं, तो फिल्टरमध्ये अडकतो. थांबल्यावर परत चालू होतं का?

कृष्णाकाठचा: होय, थोड्या वेळानं.

पंपवाला_चिकोडी: मग फिल्टरच. रबरी नळीही दाबून बघा, बायोडिझेलनं फुगून मऊ पडते.

मळ्यातला_मास्तर: सोलर लावा. केरळात वैक्कमला २०१७ पासून ७५ माणसांची ‘आदित्य’ सूर्यावर चालते.

कृष्णाकाठचा: शनिवारपर्यंत?

मळ्यातला_मास्तर: आणि त्या अर्थरेसचं पुढं काय झालं माहीत आहे? नाव बदललं आणि २०१० च्या जानेवारीत अंटार्क्टिकाजवळ जपानी जहाजाशी टक्कर होऊन बुडाली. तो काही इंधनाचा दोष नव्हता, पण सांगून ठेवतो.

यडूरची_पोर: कल्लोळ-यडूर बंधारा दरवर्षी पाण्याखाली जातो, त्यावर उंच पूल कधी होणार ते बोला. आणि लाइफ जॅकेट आहेत का?

कृष्णाकाठचा: दोन आहेत. माणसं नऊ. पाणी उतरलंय ओ. बाटली हलवून बघितली: एक तास झाला, ताकासारखंच आहे.

निपाणीची_वहिनी: साबण. हे इंधन बाजूला ठेवा, शनिवारी साधं डिझेल घाला. टाकी काढून धुवा, नवा फिल्टर टाका, एक जादा बरोबर ठेवा. आणि नऊ जणांना नऊ जॅकेट.

पंपवाला_चिकोडी: फिल्टर बदलल्यावर एअर (इंधनाच्या नळीत अडकलेली हवा) काढायला विसरू नका, नाहीतर परत इथंच याल.

उसवाला_अथणी: करंजाची पेंड शिल्लक आहे का? उसाला पाहिजे होती. किलोचा भाव सांगा.