सोलां, सुंगटां, खोबरे: पाकिटावर सगळीकडे ‘डेसिकेटेड’ चालेल का?

फोंड्याची बाय
बचत गटाचा माल, म्हणजे सोलां (कोकमाच्या सुकवलेल्या साली), सुंगटां (सुकवलेली कोळंबी) आणि खोबरे, पर्यटकांच्या दुकानात जाणार आहे. कोशात ‘डेसिकेट’ म्हणजे सुकवणे मिळाले, म्हणून ‘डेसिकेटेड कोकम’, ‘डेसिकेटेड प्रॉन्स’, ‘डेसिकेटेड कोकोनट’ असे लिहिले आहे. सोबतच्या पत्रकात ‘इन मे अवर वेल गॉट ड्राइड’ आणि खिरीच्या कृतीत ‘ड्राय अप द मिल्क’. छापण्याआधी कोणी नजर टाकील का?

डिचोलीकर मास्तर
तिन्हींवरचा ‘डेसिकेटेड’ काढा. खोबऱ्यावरचासुद्धा, तुमचे खोबरे वाटीचे असेल तर. ‘डेसिकेटेड कोकोनट’ हे एका ठरावीक मालाचे नाव आहे: ओल्या नारळाची तपकिरी पाठ तासून काढायची, पांढरा गर किसायचा, वाफवायचा आणि यंत्रात साधारण ३ टक्के ओलाव्यापर्यंत सुकवायचा. वाटी म्हणजे ‘कोप्रा’, तिच्यात ६ टक्क्यांच्या आसपास ओलावा राहतो आणि पाठ तशीच असते. नाव वाचून बेकरीवाला पांढरा भुगा म्हणून नेईल, आत तपकिरी तेलकट कीस निघाला की पाकीट परत. ‘ग्रेटेड ड्राय कोकोनट’ लिहा.

सोलांना ‘ड्राइड कोकम रिंड’. ‘रिंड’ (साल) गाळू नका, नाहीतर लोक आख्खे फळ समजतात. कृती द्यायची तर: ‘द रिंड्स आर सोक्ड इन सॉल्टेड कोकम ज्यूस अँड सन-ड्राइड, सेव्हरल टाइम्स’. इथे ‘अप’ किंवा ‘आउट’ काहीच जोडायचे नाही. ‘ड्राइड आउट’ म्हणजे असायला हवा तो ओलावा गेलेले. ग्राहकाला वाटेल, माल शिळा. साठवणीच्या सूचनेत मात्र तोच शब्द बरोबर बसतो: ‘कीप सील्ड, ऑर दे विल ड्राय आउट’.

आगळवाला
मास्तर, व्याकरण पटले, पण ही सूचना गोव्यातल्या जुलैला उपयोगाची नाही. सोलांतले मीठ हवेतली ओल खेचते, पाकीट उघडे राहिले की ती सुकत नाहीत, पाझरतात. ‘स्टोअर इन अ ड्राय, एअरटाइट जार’ एवढेच पुरे. आणि ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी आत घालणार असाल तर तिच्यावर ‘डेसिकंट, डू नॉट ईट’ हवेच. बाय, तुमच्या त्या शब्दाच्या घराण्याची खरी जागा तिथे.

सत्तरीची भाषांतरकार
विहिरीचे वाक्य. ‘गॉट’ नको, विहीर आपोआप आटते. दर वर्षीचे असेल तर ‘द वेल ड्राइज अप इन मे’, यंदाचे असेल तर ‘हॅज ड्राइड अप’. येत राहणारे काही थांबले की ‘ड्राय अप’: झरा, देणग्या, कामे. ओला टॉवेल ‘ड्राय अप’ होत नाही, तो नुसता ‘ड्राइज’.

खिरीचे वाक्य तर आजच बदला. ‘ड्राय अप द मिल्क’ म्हटले की इंग्रजी वाचणाऱ्याला सडातले दूध बंद करणे वाटते. आपल्याकडे दूधही आटते आणि गायही आटते, घोटाळा त्यातूनच होतो. विण्याआधी सुमारे ६० दिवस गाय आटवतात त्याला ‘ड्राय ऑफ’ म्हणतात. पातेल्यातल्या दुधाला ‘सिमर अंटिल रिड्यूस्ड टू हाफ’. ‘बॉइल डाउन’ही चालते.

बाकी थोडक्यात: रोप कोमेजते ते ‘विदर’, साल सुरकुतते ते ‘श्रिव्हल’, उन्हाने जमिनीला किंवा घशाला कोरड पडते ते ‘पार्च’.

फोंड्याची बाय
देव बरें करूं सगळ्यांचे. खोबरे वाटीचेच आहे, बदलते. सुंगटांना मीठ लावलेले नाही. ‘ड्राय प्रॉन्स’ की ‘ड्राइड’?

डिचोलीकर मास्तर
बाजारात ‘ड्राय फिश’ सर्रास चालते, पण पाकिटावर ‘ड्राइड प्रॉन्स’. प्रक्रिया करून सुकवलेले ते ‘ड्राइड’, नुसते कोरडे ते ‘ड्राय’. खोबऱ्याला ‘ड्राय’ सुचवले ते त्या मालाचे नावच तसे रुळले आहे म्हणून. पुढे खारे बांगडे आले तर मिठाचा उल्लेख आधी: ‘सॉल्टेड ड्राइड मॅकरेल’.

सत्तरीची भाषांतरकार
प्रूफ तपासताना ‘ड्राइड’ आणि ‘ड्राइज’ नीट बघा. दोन्हींत शेवटचा ‘वाय’ जाऊन ‘आय’ येतो, छापखाने ‘वाय’ ठेवून नुसता ‘एस’ चिकटवतात. खोबऱ्याचा खरा भुगा कधी विकायला काढलात तर ‘डेसिकेटेड’मध्ये ‘एस’ एक आणि ‘सी’ दोन, पुष्कळदा नेमके उलटे छापले जाते.