कुठल्याही स्विफ्टचा आरसा बसत नाही

तुमची मारुती स्विफ्ट २०१३ ची आहे, दाराबाहेरचा आरसा तुटलाय म्हणून जुना शोधताय आणि कुणीतरी सांगितलंय की कुठल्याही स्विफ्टचा आरसा चालतो, तर कृपया त्यावर जाऊ नका. २०११ ला आलेलं मॉडेल वेगळं, २०१८ चं वेगळं, दाराला बसणारा बेसच बदललाय.

आणि मॉडेल जुळलं तरी व्हेरियंट, म्हणजे त्याच मॉडेलमधला साधा की महागडा प्रकार, ते बघावं लागतं. आधी दाराच्या आतलं तिकोनी प्लास्टिक कव्हर काढा, मागे वायरचा कनेक्टर दिसेल, त्याचा आणि बोल्टच्या भोकांचा फोटो मोबाईलमध्ये घेऊनच दुकानात जा. नुसता लिव्हरवाला, म्हणजे आतल्या दांडीने हाताने हलवायचा असेल तर वायरच नसते, इलेक्ट्रिकला काच हलवायच्या वायरी, इंडिकेटर असला तर त्याच्या आणखी दोन, आपोआप मिटणारा असेल तर अजून.

मुंबईत असाल तर कुर्ल्याला चक्कर मारा, जुन्या पार्टची दुकानं ओळीने आहेत. पण आरसा हातात घेतल्यावर पहिल्यांदा बोल्ट बसतात ते कान बघा, तिथे तडा जाऊन फेविक्विकने चिकटवलेलं असेल तर सरळ परत द्या, गाडी ऐंशीला गेली की काच थरथरते आणि मागचं धड दिसत नाही. दुकानदाराला बॅटरीवर वायर लावून काच चारही बाजूंना फिरवून दाखवायला सांगा, चांगला माणूस नाही म्हणत नाही. कनेक्टर कापलेला पीस घेऊ नका. रंगाचं टेन्शन नको, मागचं कव्हर वेगळं निघतं, तुमचं जुनं शाबूत असेल तर तेच लावा.

आणि फक्त काचच फुटली असेल तर अख्खा आरसा कशाला, नुसती काच मिळते की.