चिमण्यांचे दाणे खारींपासून कसे वाचवावेत?

प्रश्न : अंगणवाली, प्रतापनगर

नमस्कार. घराच्या मागच्या अंगणात पेरूचे झाड असून त्याच्या फांदीला मी प्लास्टिकचा नळीसारखा बर्ड फीडर टांगला आहे. त्यात बाजरी, तांदळाच्या कण्या आणि थोडे सूर्यफुलाचे बी घालते. चिमण्या, होले आणि अधूनमधून मुनियांचा थवा असा छान राबता होता. परंतु आता फीडरचा ताबा खारींनी घेतला आहे. खार मागच्या पायांनी दोरी धरून उलटी लटकते आणि पुढच्या पायांनी बी ओढून काढते. फीडरचे भोक पुरेना, तेव्हा तिने ते कडेने कुरतडून रुपयाच्या नाण्याएवढे मोठे केले आहे. बाजरी सगळी खाली सांडते आणि तिच्यावर पारवे जमतात.

वजन पडताच बंद होणारे फीडर ऑनलाइन मिळतात, पण ते महाग आहेत. ते घ्यावेत का? दोरीला ग्रीस लावावे, असे एका परिचितांनी सुचवले, तर शेजाऱ्यांचे म्हणणे आहे की पिंजरा लावून खारी पकडाव्यात आणि अंबाझरी तलावाकडे सोडून द्याव्यात. खारींना इजा व्हावी, अशी माझी मुळीच इच्छा नाही.

उत्तर : रानपाखरू, सेमिनरी हिल्स

ताई, तो महागडा फीडर घेऊ नका. असे फीडर मुळात अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या करड्या खारीसाठी बनवलेले असतात आणि ती खार साधारण अर्धा किलो वजनाची असते. आपली पट्टेवाली खार जेमतेम 100 ग्रॅमची आणि साळुंखीही जवळपास तेवढ्याच वजनाची. त्यामुळे स्प्रिंग घट्ट ठेवली तर खारीच्या वजनाने झडप बंदच होणार नाही, आणि सैल ठेवली तर खारीबरोबर साळुंखीही उपाशी राहील. जाळीच्या पिंजऱ्यात बसवलेल्या फीडरचेही तेच आहे. ज्या जाळीतून चिमणी आत जाते, तिच्यातून आपली खारही सहज शिरते.

ग्रीस तर अजिबात नको. ते पिसांना चिकटले की पक्षी चोचीने पिसे साफ करताना पोटात जाते आणि पिसे एकमेकांना चिकटून निकामी होतात. शिवाय मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की ते पातळ होऊन दाण्यांपर्यंत ओघळेल.

पिंजऱ्याबद्दल सांगायचे तर वन्य प्राणी पकडण्यावर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची बंधने आहेत. ते बाजूला ठेवले, तरी दाणे आहेत तोवर रिकाम्या जागी दुसरी खार येणारच. पकडून नेलेली मात्र अनोळखी ठिकाणी अन्न आणि आसऱ्यासाठी वणवण करील, आणि तिची पिल्ले घरट्यात असतील तर ती मरतील.

उत्तर : खटपट्या, मनीषनगर

फीडर नव्हे, जागा बदला. झाडाला टांगलेला फीडर खारीपासून वाचवणे फार कठीण आहे, कारण ती वरून, बाजूने, कुठूनही उतरते. मोकळ्या जागी एक इंची लोखंडी पाइप सिमेंटमध्ये उभा करा आणि फीडर जमिनीपासून सहा-सात फूट उंचीवर बसवा. खारीची नखे साल, वीट आणि काथ्या यांत रुततात, लोखंडी पाइपलाही ती पायांचा विळखा घालून चढते, पण रुंद आणि गुळगुळीत पृष्ठभागावर तिला पकड मिळत नाही. म्हणून फीडरच्या खाली सहा इंची पीव्हीसी पाइपचा दोन फुटांचा तुकडा खांबाभोवती बसवा. त्याचे वरचे तोंड टोपण लावून बंद करा, म्हणजे खार आतून वर जाणार नाही. तुकडा घट्ट आवळू नका. तो थोडा हलता असला तर अधिक चांगले. त्याच्यावर धूळ साचली की पकड मिळू लागते, तेव्हा मधूनमधून ओल्या फडक्याने पुसत जा.

खरी मेख अंतराची आहे. झाड, भिंत, कपड्यांची दोरी, केबलची तार यांपैकी काहीही खांबापासून आठ-दहा फुटांच्या आत नको.

उत्तर : चिवचिव, धरमपेठ

वरच्या सूचनांशी मी सहमत आहे. सूर्यफुलाचे बी मात्र आधी बंद करावे, कारण खारीला सर्वाधिक ओढ त्याची आणि शेंगदाण्याची असते. बाजरी आणि कण्या चिमण्यांना पुरेशा होतात. दाणे सकाळी संपतील इतकेच घालावेत, म्हणजे सांडलेल्यावर पारवे आणि रात्री उंदीर येणार नाहीत.

दाण्यांत तिखट मिसळण्याचा उपाय कोणीतरी सुचवीलच. त्याला आधार आहे. मिरचीचा झणझणीतपणा सस्तन प्राण्यांना जाणवतो, पक्ष्यांना जाणवत नाही. तरीही आपली भिवापुरी मिरची स्वयंपाकघरातच राहू द्यावी. उन्हाळी वाऱ्याने तिखट उडते आणि पक्ष्यांच्या, खारींच्या व घरातल्या मुलांच्या डोळ्यांत जाते.

त्यापेक्षा कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला खारींसाठी पेरूच्या फोडी आणि मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवावे. एप्रिल-मेमध्ये त्या दाण्यांइतक्याच पाण्यासाठीही येतात. चिमण्यांची घरटी असतील, तर हे खाणे त्यांच्यापासून दूर असावे, कारण खारी पक्ष्यांची अंडीही खातात.

अंगणवाली, प्रतापनगर

सर्वांचे मनापासून आभार. अडचण अशी की पेरूच्या फांदीचे टोक आणि कुंपणभिंत यांच्यामध्ये बाराच फूट जागा आहे. खांब मधोमध उभा केला, तरी दोन्हीकडे सहा फूटच उरतात.

खटपट्या, मनीषनगर

सहा फूट अपुरे आहेत. खार उंच भिंतीवरून किंवा फांदीवरून खाली झेप घेते, तेव्हा ते अंतर पार करू शकते. पेरूची त्या बाजूची फांदी छाटून चालणार असेल, तर खांब भिंतीपासून नऊ फुटांवर रोवा. ते नको असेल, तर गच्ची उत्तम. रंगाच्या रिकाम्या मोठ्या डब्यात सिमेंट ओतून त्यात पाइप उभा करा आणि तो डबा कठड्यापासून व पाण्याच्या टाकीपासून दूर, मधोमध ठेवा. उन्हाळ्यात दाणे उजाडतानाच घाला, कारण नऊनंतर तिथला स्लॅब तापतो आणि पक्षी फिरकत नाहीत.