मदत हवी आहे: फाँडंटवर रंग फुटतो, अन् आमच्या जिल्ह्यात दारूबंदी!

ताई-दादांनो, आर्वीकडच्या खेड्यातून घरगुती केकच्या ऑर्डरी घेते. तान्ह्या पोळ्याला एका लेकराचा वाढदिवस आहे. केकवर हाताने रंगवलेला नंदी हवाय, पाठीवर झूल, शिंगांना बेगड, सगळं.

अडचण रंगाची आहे. जेल कलर पाण्यात पातळ केला की फाँडंटची, म्हणजे केकवर चढवतात त्या साखरेच्या लगद्याच्या थराची, साखर विरघळते, ब्रशखाली चिकट खळगा पडतो आणि झुलीची बारीक नक्षी फुटून लाल डाग होतो. सगळे सांगतात व्होडका वापरा, ती लवकर उडून जाते. बाप्पा, वर्धा जिल्ह्यात व्होडका! आणि मिळाली तरी लेकरांच्या केकात मला ती नकोच.

पावडर रंग वितळवलेल्या कोको बटरमध्ये कालवून रंगवता येतो म्हणे. पण ते बटर साधारण ३४ अंशांना वितळतं. पावसाळ्यात आमच्याकडे लाइन गेली की बंद खोलीत टिकेल का? फ्रिजमध्ये ठेवावं तर बाहेर काढल्यावर फाँडंटला घाम सुटतो.

कोणी असं रंगवलंय का? आदल्या रात्री रंगवून पंख्याखाली सुकवलं तर चालेल? डोळ्यांच्या काळ्या रेघेसाठी खायच्या रंगाचा पेन बरा की शून्य नंबरचा ब्रश? नागपूरला सामान आणायला जायचंच आहे, त्याआधी सांगा.