गुरगुर गेली म्हणून ओपेथ संपला?

कुडाळचा_कर्कश: "२०११च्या 'हेरिटेज' अल्बमला गायक मिकाएल ओकरफेल्टने गुरगुरणं (घशातून खर्जात ओरडून गाणं) सोडलं तिथेच ओपेथ हा स्वीडिश मेटल बँड संपला. २०२४ला परत गुरगुरून त्याने चूक कबूल केली." कालची ही पोस्ट वाचून डोकं फिरलंय. अहो, २००३च्या 'डॅमनेशन'मध्ये तरी कुठे होती गुरगुर? तेव्हा माना डोलावत होतात! सत्तरच्या दशकातल्या प्रॉगचा, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉकचा, वेडा माणूस, चाळिशी जवळ आल्यावर मेलोट्रॉन हा त्या काळचा कीबोर्ड घेऊन बसला. गुन्हा काय?

वेंगुर्ल्याचा_वारा: पोस्ट माझीच. 'डॅमनेशन'च्या आधी 'डिलिव्हरन्स'चा दणका होता. तिखट रस्सा झाला की सोलकढी गोड लागते. २०११पासून सलग चार अल्बम नुसती सोलकढीच वाढली.

कुडाळचा_कर्कश: आणि २०२४ला? गुरगुरीशेजारी जेथ्रो टल या जुन्या प्रॉग बँडच्या इयन अँडरसनची बासरी आहे. जुनं दुकान उघडलंय असं वाटतं का ते?

आजगावचा_पखवाजी: आमच्या भजनी बुवांचं हेच. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, गजराला असा आवाज लावायचे की मांडवाचा पत्रा थरथरायचा. घशाच्या ऑपरेशननंतर खालच्या पट्टीत गातात. गेल्या गणपतीत पोरं मधूनच उठली, काळ्या वाटाण्याची उसळ पत्रावळीत तशीच. झांजवालाही गेला. मी एकटा पखवाज धरून.

मालवणी_मेटल: भजन मध्येच कित्याक? पण काढलंसच तर ऐक. बुवांचो घसो बसलो म्हणान कोण उठूक नाय. सिनेमाच्या चालीर गवळण लावल्यानी, तेव्हा उठले. माझ्या बापाशीन चाळीस वर्सां चकी वाजवल्यान, तो आधी उठलो.

आजगावचा_पखवाजी: एकच गवळण होती. तीही पोरांच्या फर्माइशीवर! आधी मागायचं, मग उठायचं. तुमच्या वडलांनी चहा मात्र दोनदा घेतला.

मालवणी_मेटल: बापाशीवर जाव नको हां. तुझो पखवाज त्या रात्री सुरात होतो काय? शाई निघालेली, सगळ्यांनी बघितल्यानी.

कुडाळचा_कर्कश: ओपेथ राहिला बाजूला.

वेंगुर्ल्याचा_वारा: राहू दे. बरं, २०१९चा तो स्वीडिशमधला अल्बम मी ऐकतो. एक शब्द कळत नाही, म्हणूनच आवडत असेल. बाकी तीन तुम्हालाच लखलाभ. आणि मांडवातून उठलेल्यांत माझा धाकटा भाऊ होता, तेव्हा उसळीचा विषय पुरे.