मदत हवी आहे: गच्चीवरच्या पाइपांतला पालक दुपारी माना टाकतोय

नमस्कार मंडळी. पुण्यात गच्चीवर घरच्या घरी हायड्रोपोनिक्स (मातीशिवाय, खताच्या पाण्यावर झाडं वाढवणं) उभं केलंय. ३ इंची पीव्हीसी पाइपाचे ४ तुकडे, खाली ५० लिटरचा निळा ड्रम, त्यात कूलरचा १८ वॅटचा पंप. पाणी वर चढतं आणि पाइपांतून फिरून परत ड्रममध्ये. पहिला महिना झकास गेला, शेजारच्या काकूंना पालकाची जुडीही दिली (तिथेच दृष्ट लागली बहुतेक).

आता पानं दुपारी माना टाकतात, संध्याकाळी पुन्हा उभी. काल जाळीचा एक कप उचलून पाहिला तर मुळं तपकिरी, बुळबुळीत. चिमटीत ओढली की साल निघून आत नुसता दोरा उरतो. पाण्याचा पीएच (आम्लतेचा आकडा) ६.२, ईसी (विरघळलेलं खत किती ते दाखवणारा आकडा) १.६, म्हणजे खताचं गणित ठीक असावं. पण दुपारी दोनला ड्रममधलं पाणी ३२ अंश! गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यामुळे मूळकुजच वाटते.

ड्रमला थर्माकोल गुंडाळून आणि एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडून भागेल का? बर्फाच्या बाटल्या रोज टाकणं नोकरी सांभाळून जमत नाही. ही झाडं वाचतील, की सगळं उपटून पाइप ब्लीचने धुऊ? आणि हो, पंप रात्री बंद ठेवतो, तेही चुकतंय का?